चौथ्या ओळीची जागा

जरा जवळ सरका. शेगडीच्या या अंगाला बसा, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. एका गाण्याची गोष्ट सांगायची आहे, आणि गाण्याची गोष्ट ओरडून सांगू नये.

रिम्मानं पायपेटीच्या पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर घट्ट दाबून धरले. सकाळपासून चौथ्यांदा.

“पुन्हा थांबलात, मावशी.”

“थांबले का?” ओटिलिया म्हणाली. आपण थांबलो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि होता तसाच परत बांधला.

“तिसरी ओळ संपली की तुम्ही गप्प. आठ मात्रा. मी मोजल्यात. आठ मात्रा म्हणजे अख्खी एक ओळ झाली. भाता नुसता उसासे टाकत राहतो आणि मी खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसते. हे कुठल्या वहीत लिहिलंय?”

“वहीत नाही लिहिलेलं.”

“मग?”

“तसंच म्हणतात ते.”

“कोण म्हणतात?”

“आम्ही,” ओटिलिया म्हणाली आणि तिची नजर चर्चच्या बाकांवर गेली. बाक रिकामे होते. त्या ‘आम्ही’तले, म्हणजे गावातल्या जर्मन घरांतले, बहुतेक जण पंचवीस वर्षांपूर्वीच सामानसुमान बांधून जर्मनीला निघून गेले होते. तास्बुलाकमध्ये, या खाणीच्या गावात, उरले होते चौघे. त्यातल्या एकीला धड ऐकूही येत नव्हतं.

गाणं साधंच होतं. चार ओळींचं एक, अशी चार कडवी. पहिल्या तीन ओळींत हाक:

काळोख दाटला, प्रभू,
पायाखालची वाट हरवली,
सांग, कुठे आहेस तू?

आणि चौथी ओळ प्रत्येक कडव्याला तीच:

इथेच, तुझ्या उशाशी.

मूळचे शब्द जर्मन. तास्बुलाकच्या चर्चमधली मिस्सा आता रशियन भाषेत होते, पण ख्रिस्तप्रसाद वाटताना हे एक गाणं जर्मनमध्ये राहिलं होतं. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी रशियन अक्षरांत उतरवलेले कागद बाकांवर ठेवलेले असत. तीन ओळी झाल्या की सगळी मंडळी थांबायची. पोलिश वांदा थांबायची, युक्रेनियन ड्रायव्हर थांबायचा, कोरियन घरातली पोरं थांबायची. त्या थांबण्यात काही वेगळं आहे हे कुणाच्या मनातही येत नसे. मग सगळे मिळून चौथी ओळ. नवखा माणूस मात्र हमखास पुढं जायचा आणि भर शांततेत एकटा सापडायचा. पाहुणा ओळखायची आमच्याकडची ती खूणच होती.

गेल्या ईस्टरला असाच एक जण सापडला. रिम्माचा नवरा, अफनासी खेगाय. खाणीत माणसांचा पाळणा वर-खाली करतात त्या यंत्रावर तो कामाला. उंचापुरा, रुंद छातीचा, आणि आवाज असा की बोलला तरी तावदानं थरथरावीत. रिम्मानं फार गळ घातली म्हणून पहिल्यांदाच चर्चमध्ये आला होता. कागद समोर धरून त्यानं तीन ओळी नेकीनं म्हटल्या, आणि चौथीही तशीच म्हटली, भरल्या आवाजात, शब्दांची मोडतोड करत, एकट्यानं. पोरं फिस्सकन हसली. मोठी माणसं कागदाआड हसली. गाणं चालवणारी ओटिलियाही हसली. हसू दाबायला तिनं रुमालाचं टोक तोंडावर धरलं, आणि ते रिम्मानं पाहिलं. अफनासीनं कागदाची चौपदरी घडी केली, खिशात घातली आणि मिस्सा संपेपर्यंत तो ताठ उभा राहिला. त्यानंतर तो आला नाही.

“संत बार्बराच्या सणाला आठ दिवस राहिलेत,” रिम्मा म्हणाली. “खाणवाल्यांचा सण. वर्षभर न येणारी माणसं त्या दिवशी येतात. फादर ओंद्रेय म्हणतात, गाणं छान आहे, पेटीवर बसवा. बसवते. पण त्या दिवशी चर्चमध्ये पन्नास अफनासी असणार, मावशी. पन्नास जणांचं हसं करायचंय?”

“मी हसायला नको होतं.”

रिम्मानं पेटीचं झाकण अलगद लावलं.

“कारण असेल तर सांगा. कारण असेल तर आठ काय, ऐंशी मात्रा थांबेन. नसेल तर एक काहीतरी ठरवा. एक तर ती शांतता राहील, नाहीतर मी.”

त्या दिवसापासून ओटिलियाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

हे गाणं तिला आईकडून आलं होतं. पंचेचाळीस वर्षं, धर्माला बंदी होती तोवर, तास्बुलाकला पुरोहित नव्हते. मिस्सा नाही, प्रवचन नाही, पापनिवेदन नाही. जे काय होतं ते बायकांच्या गळ्यात होतं. पडदे ओढून, चार घरच्या बायका जमून, खालच्या पट्टीत गायच्या. बाप्तिस्मा गाण्यातून, मयत गाण्यातून, आणि प्रवचन म्हणाल तर तेही गाण्यातूनच. मी पुढं मोठमोठे विद्वान फादर ऐकले, देव त्यांचं भलं करो. पण ‘वाट हरवली’ हे दोन शब्द ओटिलियाच्या आईनं उचलले की हातातलं काम खाली ठेवून ऐकावं लागायचं, तसं पुन्हा झालं नाही. मरणाच्या आदल्या दिवशी आईनं ओटिलियाला उशाशी बसवून हेच गाणं म्हणायला लावलं होतं. ओटिलियानं रडण्याच्या भरात चौथी ओळ लवकर उचलली, तेव्हा त्या बाईनं, जिला पाण्याचा चमचा धरवत नव्हता तिनं, लेकीच्या मनगटावर चापट मारली होती. “थांब,” एवढंच म्हणाली होती. का, ते सांगितलं नव्हतं. ओटिलियानंही विचारलं नव्हतं.

आता ती विचारत होती, पण स्वतःलाच. सूपात घालायच्या शेवयांसाठी पीठ लाटताना गुणगुणली. तिसऱ्या ओळीनंतर गळा थांबला आणि हातातलं लाटणंही थांबलं. कोळशाची बादली घेऊन अंगणातून येताना न थांबता म्हणून बघितलं. पाय बर्फात रुतून राहिले. भिंतीवरच्या घड्याळाच्या टकटकीवर म्हणायला गेली, तर घड्याळ पुढं आणि ती मागं. झोपताना ठरवायची की नाही थांबायचं, आणि सकाळी चहा गाळता गाळता थांबायची.

पाण्याच्या पंपावर वांदा भेटली.

“काय गं, मात्रा मोजायला शिकलीस म्हणे,” वांदा बादली लावत म्हणाली. “आजवर देवानं मोजल्या नाहीत. आता ती कालची पोर आपल्याला श्वास कधी घ्यायचा ते सांगणार.”

“वांदा, तू का थांबतेस तिथं?”

“म्हणजे?”

“तिसऱ्या ओळीनंतर. का थांबतेस?”

वांदानं पंपाचा दांडा तसाच धरून ठेवला.

“तू थांबतेस म्हणून,” ती म्हणाली. “हा काय प्रश्न झाला?”

ओटिलिया अर्धी बादली सांडत घरी आली.

उरली होती आपोलोनिया आजी. चौऱ्याण्णव वर्षांची, ओटिलियाच्या आईची मैत्रीण. दोघी हद्दपार होऊन एकाच मालगाडीतून या माळावर उतरल्या होत्या, युद्धात एकाच सक्तमजुरीच्या छावणीत लाकडं तोडत होत्या. आता आजीला बारीक आवाज अजिबात ऐकू येत नसत. कुणी दारावर धपका मारला किंवा पुरुषमाणूस छातीतून बोलला तर तेवढं कानात शिरायचं. बाकी सगळं ती ओठांवरून वाचायची, आणि मनात आलं तर उत्तर द्यायची.

ओटिलियानं सूपाचं भांडं टेबलावर ठेवलं, आजीच्या समोर बसली आणि सावकाश ओठ हलवत विचारलं, “आजी, ते ‘उशाशी’चं गाणं. तिसऱ्या ओळीनंतर आपण का थांबतो?”

“शेवया जाड झाल्यात,” आजी म्हणाली.

“आजी.”

“तो म्हणेपर्यंत थांबायचं. मग आपण.”

“तो कोण?”

“अगं तो.” आजीनं चमचा हलवून भिंत दाखवली. भिंतीवर आजीच्या मुलाचा फोटो होता. तो जर्मनीत हॅनोव्हरला राहत होता आणि दोन वर्षांतून एकदा यायचा. “ईस्टरला आला होता. मग नाहीच आला परत. मीठ आण.”

ओटिलियानं मीठ आणून दिलं. मुलगा ईस्टरला आला नव्हता, हे तिला माहीत होतं. म्हातारीचं मन कधी इथं, कधी तिथं. तिनं भांडं धुतलं, आजीच्या पायांवर घोंगडी नीट केली आणि परत येताना वाटेतच ठरवून टाकलं.

रिम्मा शिकवायची त्या संगीतशाळेच्या जिन्यात तिनं तिला गाठलं. वर कुणीतरी एकाच सुरावर घोटत बसलं होतं.

“नाही थांबणार,” ओटिलिया म्हणाली. “कारण सापडत नाही. सवय आहे नुसती. सवयीपायी माणसं घालवायची नसतात.”

रिम्मा एक पायरी खाली आली. “सगळ्यांना सांगायला हवं मग.”

“मी पुढं गेले की येतील मागं. आजवर आलेच आहेत.”

“मावशी, तुम्ही नीट झोपता ना?”

“तू पेटी वाजव,” ओटिलिया म्हणाली आणि जिना उतरली.

सणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. खाणीतली माणसं टोप्या हातात धरून भिंतीला लागून उभी होती. त्यांच्या कोटांना कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. संत बार्बरासमोर खाणीतला एक जुना दिवा पेटवून ठेवला होता. आपोलोनिया आजी पहिल्या बाकावर, काठीवर दोन्ही हात ठेवून. अफनासी आला नव्हता. ओटिलियानं दाराकडे तीनदा वळून पाहिलं होतं.

फादर ओंद्रेय ख्रिस्तप्रसादाचं पात्र घेऊन वेदीची पायरी उतरले आणि पेटी वाजू लागली.

काळोख दाटला, प्रभू… सगळे गाऊ लागले. पायाखालची वाट… सांग, कुठे आहेस तू?

आणि ती थांबली नाही. चौथी ओळ तिनं उचलली, पेटी तिच्याबरोबर उचलली गेली, आणि त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की चर्चमध्ये दुसरा एकही आवाज नाही. सगळे थांबले होते. वांदा थांबली होती, पोरं थांबली होती. खाणवालेही शेजारच्याच्या तोंडाकडे बघत गप्प होते. इतकी वर्षं तिनं ज्यांना थांबायला शिकवलं ते सगळे, न सांगता, न चुकता थांबले होते, आणि त्या आठ मात्रांत तिचा अडुसष्ट वर्षांचा, कडेला फाटलेला आवाज एकटा चालला होता. इथेच, तुझ्या उशाशी.

ती दुसऱ्या कडव्याला लागणार तोच मंडळींची चौथी ओळ आली. पेटी एकीकडे, माणसं दुसरीकडे. एका पोरीला हसू फुटलं. रिम्मानं पट्ट्यांवरून हात काढले. ओटिलियाला कानांच्या पाळ्या जळत असल्यासारखं वाटलं. रुमाल ओढून डोळ्यांपर्यंत आणावा असं झालं. अफनासीला हेच झालं असणार, हे तिला आता कळलं.

पहिल्या बाकावर काठी आपटली.

“तुझं तोंड कशाला हललं तिथं?” आजी म्हणाली. ऐकू न येणारी माणसं हळू बोलूच शकत नाहीत. जर्मन शब्द छतापर्यंत गेले. “दिसलं मला! तिथं बाप्याचा आवाज लागतो. ईस्टरला आला होता तो कुठाय?”

फादर ओंद्रेय हातातला प्रसाद हातातच धरून उभे राहिले. उरलेली तीन कडवी कशी झाली ते ओटिलियाला पुढं कधी आठवलं नाही. झाली, एवढं खरं.

मिस्सा संपली, माणसं बाहेर चहाकडे गेली. ओटिलिया आजीच्या पायाशी गुडघ्यावर बसली, म्हणजे आजीला ओठ दिसावेत.

“ईस्टरला कोण आला होता, आजी?”

“भिंतीपलीकडचा.”

“कुठली भिंत?”

“आपली. छावणीतली, बराकीची.” एवढ्या मोठ्या पोरीला हे माहीत नाही याचं आजीला नवल वाटलेलं दिसलं. “मधे फळ्यांची भिंत होती. अलीकडे आम्ही बायका, पलीकडे आजारी पुरुष. आम्ही पांघरुणात तोंड घालून म्हणायचो. एका रात्री तिसरी ओळ झाली आणि पलीकडून चौथी आली. जाड आवाज. शब्द सगळे मोडके. जर्मन नव्हता तो, कोण होता कोण जाणे. आमच्याकडून ऐकून ऐकून शिकलेला. मग रोज. आम्ही विचारायचं, त्यानं सांगायचं, मग आम्ही ती ओळ परत म्हणायची. हिवाळाभर.”

“आणि मग?”

“मग एका रात्री नाही आली. आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आता काय थांबायचं, आपणच म्हणून टाकू. तर तुझी आई म्हणाली, असं कसं कुणाची जागा घ्यायची?” आजीनं काठीवरचे हात बदलले. “तेव्हापासून थांबतो. इतकी वर्षं काही नाही. आणि या ईस्टरला आला. तेच मोडके शब्द. मला ऐकू आलं, ओटिलिया. मला काहीच ऐकू येत नाही, तो ऐकू आला. मग तुम्ही त्याला काय केलंत?”

मागं रिम्मा उभी होती. तिला जर्मन येत नव्हतं.

“काय म्हणाल्या आजी?” तिनं विचारलं.

ओटिलियानं सांगितलं. सगळं सांगितलं, रुमालाचंही सांगितलं, जे रिम्माला आधीच माहीत होतं. रिम्मा ऐकत असताना पेटीच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिली. तिथं धूळ नव्हती.

“घरीच आहे तो,” ती शेवटी म्हणाली. “कोळसा भरतोय.”

अफनासी कोठाराच्या दाराशी फावड्यानं बादली भरत होता. दोघी फाटकातून आत आल्या तसा तो सरळ झाला.

“सणाच्या शुभेच्छा, मावशी.”

“अफनासी, ईस्टरला हसले ती मी होते.”

“पोरंही हसली होती.”

“मी हसले म्हणून हसली.”

त्यानं फावडं बर्फात रोवलं. “खाणीत घंटा झाल्याशिवाय मी पाळणा हलवत नाही आणि घंटा झाल्याशिवाय थांबवत नाही. तुमच्या त्या गाण्यात मला कुणी थांबायची घंटाच दिली नाही. एवढंच वाईट वाटलं. बाकी काही नाही.”

“तुझ्यासाठी नव्हतीच ती घंटा,” ओटिलिया म्हणाली. “तू बरोबर होतास.”

मग तिनं त्याला भिंतीपलीकडच्या माणसाचं सांगितलं. थंडीनं तिचे शब्द तुटत होते. तो हातमोजे काढून हातात धरून ऐकत राहिला.

“नाव काय होतं त्याचं?”

“कुणालाच माहीत नाही.”

अफनासीनं एकदा रिम्माकडे पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला. हातात चौपदरी घडी घातलेला एक कागद होता, घडीवर काळा पडलेला. त्यानं तो उलगडला नाही.

ओटिलियानं रुमाल कानांवरून मागं सारला आणि तिथंच, कोळशाच्या ढिगाशेजारी उभी राहून तीन ओळी म्हटल्या. मग ती थांबली. जन्मभर ती त्या जागी थांबत आली होती. आज पहिल्यांदाच तिनं थांबून कान दिला.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही आता घरी जाल, रात्री देवापुढं दोन शब्द गुणगुणाल, तेव्हा एवढं करा: फळ्यांच्या भिंतीपलीकडच्या त्या माणसाची आठवण ठेवा. नाव कुणाला ठाऊक नाही. चौथ्या ओळीवाला, एवढं म्हटलंत तरी देवाला कळेल.